पंच मिळाले, दादा

दादा, तुमच्या तेराव्याला मी तुमच्या फोटोला लाइटची माळ लावली.

हेतू चांगला होता, एवढंच माझ्या बाजूनं म्हणता येईल. फुलांचा हार दुपारपर्यंत मान टाकतो, म्हणून आदल्या दिवशी कामाला नेरळला गेलो तेव्हा स्टेशनबाहेरच्या एका हातगाडीवरून पिवळ्या दिव्यांची माळ उचलली. फोटोभोवती नीट गुंडाळली, पिन खोचली, बटण दाबलं. वहिनींनी रोजच्या सवयीनं रेडिओ लावला होता आणि त्यावर अभंग चालू होता. तो गेला. त्याच्या जागी पिठाच्या गिरणीसारखी घरघर सुरू झाली. भटजी थांबले. बसलेली माणसं आधी रेडिओकडे बघायला लागली, मग माळेकडे, मग माझ्याकडे. फोटोत तुम्ही तर आधीपासून माझ्याकडेच बघत होतात. मंदानं, म्हणजे तुमच्या धाकट्या बहिणीनं आणि माझ्या बायकोनं, उठून पिन काढली. माळेचा डबा उलटा करून पाहिला. त्यावर मोराचं चित्र होतं. कंपनीचं नाव नाही, पत्ता नाही, सरकारी तपासणीचा मार्क नाही. तिनं डबा माझ्या हातात दिला.

बाजारातली इस्त्री झटका देते का, चार्जर पेट घेतो का, मिक्सर शेजाऱ्यांचा रेडिओ बिघडवतो का, हे बघण्यात ज्या माणसाची अख्खी सरकारी नोकरी गेली, त्याच्या फोटोला मी ही माळ घातली. तुम्ही असतात तर आधी रागावला असतात. मग तो डबा माझ्याकडून मागून घेतला असतात, नमुना म्हणून.

निवृत्त झाल्यावर खात्यानं तुमचं ओळखपत्र परत घेतलं आणि मोजमापाची यंत्रं तर खात्याचीच होती. तुमच्याकडे उरला एक ट्रान्झिस्टर. तो खिशात घालून तुम्ही कर्जतच्या बाजारात फिरायला लागलात. दुकानात शिरायचं, दोन स्टेशनांच्या मधली शांत जागा लावायची आणि पेटलेल्या बल्बजवळ ट्रान्झिस्टर धरायचा. बरा बल्ब गप्प राहायचा. भिकार बल्ब बोंबलायचा. दुकानदार म्हणायचे, साहेब, आमी बल्ब विकतो, रेडिओ नाय. त्यावर तुमचं ठरलेलं उत्तर होतं. ज्यानं आवाज अडवणारा भाग गाळला, त्यानं झटका अडवणारा ठेवला असेल कशावरून? हा पुरावा नव्हे, हेही तुम्हीच सांगायचात. हा नुसता संशय. पण संशय घ्यायला सरकारी ओळखपत्र लागत नाही, असं तुमचं म्हणणं होतं.

यावरचं आपलं भांडण अजून मिटलेलं नाही, हे लक्षात असू द्या. मी म्हणायचो, दादा, आता रेडिओ ऐकतं कोण? झाली घरघर तर झाली. तुम्ही म्हणायचात, हवा सगळ्यांची आहे भावोजी, नदीवर कुणी आंघोळीला जात नाही म्हणून तिच्यात घाण सोडायची का? मी म्हणायचो, हवा म्हणजे नदी नव्हे. मग तुम्ही चष्मा कपाळावर ढकलायचात, म्हणजे आता जेवण लांबणार हे वहिनींना कळायचं. मला अजूनही वाटतं की वहिनींच्या मिक्सरवर तुम्ही अन्याय केलात. चटणी वाटून होईपर्यंत शेजाऱ्यांच्या टीव्हीवर मुंग्या येतात म्हणून उत्तम चालणारा मिक्सर माळ्यावर टाकायचा, हे मला पटलेलं नाही. तुम्ही उत्तर द्यायला नाहीत म्हणून मी जिंकलो, असं मात्र मी धरणार नाही. वाद चालू आहे.

आमच्या मुलीच्या हळदीचं तर तुम्हाला आठवत असेलच. मांडवात वरपक्षानं हौसेनं आणलेलं दिव्यांचं कारंजं होतं. तुम्ही सरळ जाऊन त्याची वायर उपटलीत. मुलाच्या आत्यानं सगळ्यांसमोर मंदाला विचारलं की तुमचे भाऊ वायरमन आहेत का. मंदा म्हणाली, नाहीत, पण तुमची पोरं त्या पाण्यात हात घालत होती. लग्न झालं. आत्याबाई अजून आमच्याकडे जेवत नाहीत. दादा, त्या दिवशी तुम्हाला आवरायला मी पुढे आलो तेव्हा तुमचा वायर धरलेला हात थरथरत होता. मी तो पाहिला आणि कुणाला बोललो नाही, तुम्हालाही नाही. तोवर माझी समजूत होती की तुम्हाला लाज आणि भीती ही बाधा जन्मतःच नाही.

मी विमा एजंट. खालापूर ते कर्जत स्कूटरवर फिरतो आणि मला लांबून बघून धडधाकट माणसं गल्लीत वळतात. तुम्ही चिडवायचात, भावोजी, तुमचं काम माणूस गेल्यावर सुरू होतं, माझं त्याच्या आधी. मी म्हणायचो, पण माझ्या कागदावर लोक निदान सही तरी करतात. हे तुम्हाला लागायचं. कारण तुमचं काम कायम सहीपाशी येऊन अडायचं.

तुमच्या धाडींच्या गोष्टी सगळ्या सारख्याच संपायच्या. माल असायचा, गाडी असायची, सोबत पोलीस असायचा. फक्त पंच मिळायचे नाहीत. गावातली दोन माणसं हवीत. त्यांनी गोडाऊन उघडताना हजर राहायचं, काय निघालं ते डोळ्यांनी बघायचं आणि सीलच्या कागदावर सही करायची. बस, एवढंच. पण ती दोन माणसं शोधेपर्यंत मागच्या दारानं माल पसार. लोक वाईट होते असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत. धाडवाले संध्याकाळी गाडीत बसून निघून जातात, पंचाला दुसऱ्या दिवशी त्याच शेठच्या दुकानावरून दूध आणायला जायचं असतं, असं म्हणायचात.

यमुनाकडे मला तुम्हीच ओढत नेलंत. ठाकुरवाडीच्या खालच्या अंगाला तिची वाडी, शेवटचा चढ पायी. मी वर पोचेपर्यंत तुम्ही तिच्या ओट्यावर बसून पाणीही प्यायला होतात. तिनं आठवडी बाजारातून पाणी तापवायचा रॉड घेतला होता. पोराच्या आंघोळीसाठी रोज जंगलात लाकडाला जायला नको, एवढाच विचार. रॉडची मान तडकली, करंट बाहेर आला आणि ती भिंतीवर फेकली गेली. जीव वाचला. उजव्या हाताची बोटं मिटेनात. भातकापणीला विळा धरायचा तो हात.

ती म्हणाली, "माजीच चूक हाय, साहेब. हात ओला व्हता."

तुम्ही म्हणालात, "पाण्यात घालायची वस्तू माणूस ओल्या हातानंच धरणार, यमुनाबाई. बनवणाऱ्यानं ते धरूनच ती बनवायची असते. चूक तुमची नाही."

तिनं तुम्हाला ते पुन्हा म्हणायला लावलं. मग नवऱ्याला आतून बोलावलं आणि त्याच्यासमोर तिसऱ्यांदा म्हणायला लावलं. तो मान खाली घालून ऐकत होता. त्या घरात रोज काय बोललं जात असेल, ते मला तेव्हा कळलं.

त्या रॉडवर मार्क होता, दादा. ठसठशीत छापलेला आणि खोटा. तसलेच रॉड बाजारामागच्या गोडाऊनमध्ये भरून ठेवलेत आणि थंडी पडायच्या आत ते भिवपुरीपासून खोपोलीपर्यंतच्या वाड्यावाड्यांवर जाणार, हे तुम्ही हुडकून काढलंत. खात्याला कळवलंत, परत कळवलंत. तिकडून काही हालचाल आम्हाला तरी दिसत नव्हती. आणि मध्येच तुम्ही गेलात, खुर्चीत बसल्या बसल्या, चष्मा कपाळावर.

त्या गोडाऊनचे शेठ भेटायला आले. त्यांचं नाव लिहीत नाही. तुम्हाला ते माहीत आहे, बाकीच्यांनी आपापल्या गावातला एक धरावा. चटईवर बसले, डोळे पुसले, आणि ते पाणी खरं होतं असं माझं मत आहे. मग म्हणाले की साहेबांच्या नावानं स्मशानात दिवे लावून देतो, आपल्याकडचेच. आणि ते जे लिहिणं-कळवणं चाललं होतं ते आता साहेबांबरोबर शांत होऊ द्या, जिवंत माणसांना एकमेकांत राहायचंय. सगळे माझ्याकडे बघायला लागले, तेव्हा मी म्हणालो, "बघू."

आमच्या घरात याचा अर्थ हो असा होतो. शेठना तो कळला. मंदालाही कळला. तिनं शेठच्या पुढ्यातला चहा उचलून आत नेला. त्यांचा अजून अर्धाही पिऊन झाला नव्हता.

तेराव्यानंतर काही दिवसांनी मी तुमच्या पेन्शनच्या कागदांसाठी कर्जतला तुमच्या घरी आलो होतो. तुमचा मोबाइल वहिनींनी बंद केला नव्हता. तो वाजला, मी उचलला. पलीकडून एका बाईंचा आवाज आला. म्हणाल्या, साहेब, धाडीला आम्ही कर्जतात पोचलोय, गोडाऊनचं मागचं दार कुठल्या गल्लीत म्हणालात?

मी म्हणालो, "आत आहेत, देतो हं." आणि फोन घेऊन आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेलोही.

तिथं तुमची खुर्ची होती. मग मी सांगितलं. बाई हळू आवाजात म्हणाल्या, "पंचांचं ते बघतो म्हणाले होते."

मी स्कूटर काढली. गोडाऊनपाशी पोचलो तर शटर बंद, किल्ली शेठकडे, शेठ खोपोलीला, असं त्यांचे दिवाणजी सांगत होते. मागच्या गल्लीत टेंपो उभा होता आणि त्यात अर्धी खोकी चढलेली. त्याला पोलिसानं अडवलं होतं, पण पंचांशिवाय खोकं फोडता येत नव्हतं. मी छाती काढून पुढे झालो आणि म्हणालो की एक पंच मी. फोनवरच्या त्या बाई, म्हणजे खात्याच्या मॅडम, त्यांनी विचारलं, तक्रारदाराचे तुम्ही कोण? मी म्हणालो, त्यांच्या बहिणीचा नवरा. त्या म्हणाल्या, मग तुम्ही चालणार नाहीत, उद्या कोर्टात म्हणतील घरचाच माणूस उभा केला. आयुष्यात एकदा शूर झालो दादा, तर नियमात बसेना.

मग मला येणारं एकच काम मी सुरू केलं. दारोदार.

चहावाला बाळाराम म्हणाला, मला कशात गुंतवतोस रं, माजा चहा जातो शेठकडं. मेडिकलवाल्यानं मी पायरी चढायच्या आत पाटी फिरवली, दुकान बंद. न्हाव्यानं वस्तऱ्यानंच खुर्चीकडं बोट दाखवलं, म्हणजे गिऱ्हाईक आहे, आणि गिऱ्हाइकानं तत्परतेनं डोळे मिटून घेतले. पण विमा एजंटाला नाही हा शब्द ऐकू येत नसतो. मी पुढच्या दाराला गेलो, मग त्याच्या पुढच्या. तिकडं टेंपोपाशी दिवाणजी फोनवर शेठना लवकर या म्हणत होते, ते मला रस्त्याच्या या टोकाला ऐकू येत होतं.

गोडाऊनच्या समोर हिराबाई सुकट घेऊन बसतात. त्यांना मी सगळ्यात शेवटी विचारलं, कारण मी तसाच माणूस आहे. त्यांनी विचारलं, करायचं काय असतं? मी म्हणालो, उभं राहायचं, बघायचं, सही करायची. त्या म्हणाल्या, बघतेच हाय मी रोज. सही येत नाय, अंगठा चालंल का? मी चालतो म्हणालो. मग मी धंद्याच्या विरुद्ध वागलो, म्हणजे सही व्हायच्या आधी खरं सांगितलं. "मावशी, शेठ उद्यापासून तुम्हाला इथं बसू देणार नाहीत."

"हितं माजा बापूस बसायचा," हिराबाई म्हणाल्या. "शेठला इचारून नव्हता बसला. माज्या सुनंनं बी आणलाय त्यातला रॉड. तू बस हितं, मांजराकडं ध्यान ठेव."

म्हणून तुमच्या शेवटच्या धाडीचा पहिला अर्धा तास मी सुकट राखली, हे नोंदवून ठेवतो.

दुसरा पंच मांजर हाकलता हाकलता दिसला. दत्ता टेंपोवाला, मागच्या गल्लीतल्या टेंपोशी त्याचा संबंध नाही. गेली कित्येक वर्षं तो मला चुकवतोय. आताही मला बघून त्यानं टेंपो चालू केला. मी सुकट सोडली आणि टेंपोपुढे उभा राहिलो. त्यानं काचेतून डोकं काढून सांगितलं की पॉलिसी नको. मी म्हणालो, पॉलिसी नाही, पंच हवाय, दादांच्या धाडीला. त्यानं इंजिन बंद केलं.

"तुमच्या सायबानं माज्या टेंपोच्या रंगीत लायटी काढाय लावल्या व्हत्या," तो म्हणाला. "काय तर म्हणं लोकांचा रेडिओ खराब होतो. लय डोकं खायचा माणूस."

मी म्हणालो, खायचे खरे.

"पन सवता उनात उभं राहून काढू लागला मला." तो जरा वेळ स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसला. "येतो. एक अट हाय. पुन्ना पॉलिसीचं नाव काढायचं नाय. जल्मात."

"कबूल."

"बायकोच्या नावावर बी नाय."

इथं मी अडखळलो, दादा, तुमच्यापासून काय लपवायचं. पण कबूल म्हणालो.

तोवर शेठ आले. शटर त्यांनाच उघडावं लागलं. मी दत्ताच्या आडोशाला जाऊन उभा राहिलो. मला त्या हळदीतला तुमचा हात आठवला आणि जरा बरं वाटलं. भीती वाटत असतानाही वायर उपटता येते, हे तुम्ही मला कधी बोलून शिकवलं नाहीत, आणि मी त्याबद्दल तुमचे आभार मानले नाहीत. ते आता मानतो. आत छतापर्यंत खोकी होती. मॅडमनी एक फोडलं. तोच रॉड, तीच मान, तोच ठसठशीत मार्क. त्यांनी तो आधी हिराबाईंच्या हातात दिला, मग दत्ताच्या. शेठ मध्ये येऊन समजावून सांगायला लागले की हा जुना माल आहे, विकायचा नव्हताच, कुणीतरी ठेवून गेलंय.

"शेठ, सरका जरा," हिराबाई म्हणाल्या. "मला दिसत नाय."

शेठ सरकले. दादा, तुमच्या जन्मभराच्या नोकरीत मी ऐकलेलं हे सगळ्यात मोठं यश आहे. शेठ सरकले.

अंगठा उमटला, सही झाली, लाख वितळवून सील मारलं. निघताना शेठ माझ्याजवळ आले आणि म्हणाले की तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. मी म्हणालो, मलाही नव्हती. आणि स्मशानात दिवे नकोत, हेही तिथंच सांगून टाकलं. दादांना अंधार चालेल, तसला उजेड चालणार नाही. हे वाक्य मी ठरवून बोललो नव्हतो. बोलून झाल्यावर मीच मागे वळून पाहिलं, कोण बोललं म्हणून.

आता तुमचा चष्मा कपाळावर जाणार, हे मला दिसतंय. हे एक गोडाऊन झालं भावोजी, अशी सुरुवात कराल. नमुने प्रयोगशाळेत जायचेत, अहवाल यायचाय, तारखा पडतील, शेठ वकील देतील, वकील म्हणेल पंच अडाणी आहेत. सगळं बरोबर. या शेठच्या मागे आणखी एक मोठा शेठ असेल आणि तो कर्जतात राहत नसेल, तेही बरोबर. पण शेठच्या हिशेबात एक गोष्ट होती, की तुम्ही गेलात म्हणजे हे संपलं. ती चुकली. मॅडम म्हणाल्या, तक्रारदार हयात नाहीत, पुढचा पत्रव्यवहार कुणाशी करायचा? मी माझं नाव आणि खालापूरचा पत्ता दिला. मला तुमच्यासारखं त्यातलं काही कळत नाही. पण पाठपुरावा म्हणजे काय ते मला कळतं. मी दत्ताच्या मागे इतकी वर्षं होतो, तो वेळ आता मोकळा झालाय. त्या खोक्यांतला एकही रॉड या थंडीत कुणाच्या बादलीत पडणार नाही, आणि पुढच्या थंडीचं मी बघतोय. भावोजींना झेपेल का, असं तुम्ही वहिनींना विचारलं असतंत. विचारा. मी ऐकलं नाही असं करीन.

संध्याकाळी खालापूरला घरी आलो आणि मंदाला सगळं सांगितलं. हिराबाई सरका म्हणाल्या तिथं तिनं पदर तोंडाला लावला. मग मी धीर करून उरलेलं सांगितलं. गिऱ्हाईक म्हणून बाळाराम गेला, मेडिकलवाला गेला, न्हावी गेला, शेठचं अख्खं खानदान गेलं, दत्ता तर मीच सोडला. आता कर्जतात मला कुणी दारात उभं करणार नाही, मंदा.

ती म्हणाली, "दादाच्या तोंडावर अख्ख्या कर्जतनं दारं लावली होती. तो परत जाऊन बेल वाजवायचा. तुमचा तर धंदाच तो आहे. उद्या पहिलं दार यमुनाचं. तिचा नवरा घरी असेल तेव्हा जा, आणि रॉड पकडल्याचं त्याच्यासमोर सांगा."